संत बेनेडिक्ट आणि संत स्कोलास्टिका: भावाबहिणीची नोव्हेना गावात कशी करावी?

वर्धाकाठ

जय येशू. आमच्या गावात कॅथलिक घरं सात. फादर महिन्यातून दोन रविवार ख्रिस्तयागाला येतात, एरवी संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी जपमाळ असते. येत्या वर्षी मठवासीयांची नियमावली लिहिणारे संत बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण संत स्कोलास्टिका यांची आठवण दोघांची मिळून करायचं ठरतंय. त्याबद्दल नेमकी माहिती हवी आहे.

नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, कोणत्या तारखेला सुरू करायची? दोघांचे सण पाच महिन्यांच्या अंतराने येतात, मग एकत्र कसं बसवायचं? छापील नोव्हेना मराठीत हाती लागलेली नाही, तेव्हा रोज म्हणायचं काय? निम्म्या बायांना वाचता येत नाही, लाइनचा भरवसा नाही आणि पोरं वीस मिनिटांच्या वर बसत नाहीत. मठातली प्रार्थना मठवासीयांसाठी असते. कास्तकाराच्या घरात त्यातलं काय खरोखर चालतं ते जाणकारांनी सांगावं.

सांजदिवा

ताई, आधी तारखा लावून घ्या, घोळ तिथंच होतो.

स्कोलास्टिका यांचा स्मृतिदिन 10 फेब्रुवारी, बेनेडिक्ट यांचा 11 जुलै. जुन्या पुस्तकांत बेनेडिक्ट 21 मार्चला सापडतील. तो त्यांच्या मृत्यूचा दिवस. पण 21 मार्च दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळातच येतो, म्हणून 1969 च्या सुधारित दिनदर्शिकेत सण जुलैत नेला. बेनेडिक्टाइन मठांत मार्चचा दिवसही पाळतात. दोघांचा मिळून एकच दिवस रोमन दिनदर्शिकेत नाही. मार्था, मरीया आणि लाजर या भावंडांना 2021 पासून 29 जुलै हा सामाईक दिवस मिळाला, तसं यांचं झालेलं नाही. म्हणून सामुदायिक उपासनेत आपल्या मनाने नवा सण काढू नका. घरच्या प्रार्थनेत मात्र दोघांची नावं एकत्र घ्यायला कसलीच आडकाठी नाही.

माझ्या मते फेब्रुवारीच धरा. दोघांची शेवटची भेट तिच्या मरणाच्या तीनच दिवस आधी झाली, म्हणजे भावाबहिणीचा खरा प्रसंग त्या दिवसांतला. शिवाय जुलैत डवरणी आणि निंदण चालू असतं, माणसं अंधार पडल्यावर घरी येतात. फेब्रुवारीत सहा-सव्वासहाला दिवस मावळतो, तूर घरात आलेली असते, बसायला थोडी सवड असते.

सुरुवात 1 फेब्रुवारीला, शेवट 9 ला, सण 10 ला. असं केलं की नोव्हेनेचा दिवस आणि तारीख एकच राहते, कुणाला मोजावं लागत नाही. 2 तारखेला सुरू करून 10 ला संपवणारेही आहेत. ते चूक नाही, पण मग सणाचा दिवस मोकळा राहत नाही.

2027 साठी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. त्या वर्षी 10 फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस आहे. त्या दिवशी स्कोलास्टिका यांचा स्मृतिदिन साजरा होत नाही, उपवासकाळाच्या इतर दिवशी चालते तशी नुसती आठवणीची प्रार्थनाही त्या दिवशी नसते. वर तो उपासाचा आणि मांसवर्ज्याचा दिवस, म्हणजे जेवणाचा बेतही बाद. त्याच वर्षी 21 मार्चला झावळ्यांचा रविवार आहे आणि 11 जुलैही रविवारीच, आणि रविवारपुढे संताचा स्मृतिदिन मागे पडतो. तिन्ही तारखा गेल्या. घरची नोव्हेना याने अडत नाही, पण फादरांना "10 तारखेला स्कोलास्टिकाची मिस्सा ठेवा" अशी गळ घालू नका, त्यांना ठेवता येणार नाही. 7 फेब्रुवारी 2027 ला रविवार आहे. मुख्य संध्याकाळ तीच करा.

रोजच्या वाचनासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नाही. या दोघांबद्दल जुन्यात जुनं जे लिहिलेलं आहे ते पोप संत ग्रेगरी महान यांच्या 'संवादां'च्या दुसऱ्या भागात, साधारण 593-594 मधलं. त्यात 38 प्रकरणं आहेत, बहुतेक इतकी छोटी की पाच मिनिटांत वाचून होतात. बेनेडिक्ट यांच्या चार शिष्यांकडून ऐकलेलं ग्रेगरी सांगतात. मराठीत नसेल तर एकाने आधी वाचून गोष्ट तोंडी सांगावी.

माझी मांडणी अशी. 1 तारखेला सुपाची गोष्ट: दाईने गहू निवडायला शेजारणीकडून मागून आणलेलं भांडं (काही भाषांतरांत चाळणी म्हणतात, आपल्याकडे सूप म्हणा) टेबलावरून पडून दोन तुकडे झालं, ती रडू लागली, पोरगा बेनेडिक्ट दोन्ही तुकडे घेऊन प्रार्थनेला बसला आणि उठला तेव्हा ते सबंध होतं. उसनं आणलेलं मोडलं की काय होतं हे आपल्या बायांना सांगावं लागत नाही. 2 तारखेला प्रभूच्या समर्पणाचा सण असतो, त्या दिवशी दुसरं काही न घेता लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शिमोन आणि हन्ना वाचा. 3 ला इटलीतल्या सुबियाकोची गुहा, जिथं तरुण बेनेडिक्ट एकटे राहत: रोमानुस नावाचा संन्यासी वरून दोरीने भाकर सोडायचा, दोरीला घंटी बांधलेली, सैतानाने दगड मारून घंटी फोडली तरी भाकर येत राहिली. 4 ला खडकातला झरा. 5 ला तळ्यात पडलेलं कोयत्याचं पातं. 6 ला दुष्काळातलं तेल. 7 ला पावसाची रात्र, प्रकरण 33. 8 ला लूक 10:38-42, मार्था आणि मरीया. स्कोलास्टिका यांच्या सणाला हेच शुभवर्तमान सुचवलेलं आहे. 9 ला कबुतराचं प्रकरण, 34 वं. सणाच्या दिवशी गीतरत्न 8:6-7.

एखादा दिवस चुकला तर नोव्हेना "मोडत" नाही. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचन घ्या आणि चला. नऊ जणांना पुढे पाठवा नाहीतर कृपा मिळणार नाही असे जे निरोप फोनवर फिरतात, ते या परंपरेचे नाहीत. सरळ पुसून टाका.

मठवाट

वरच्या तारखा बरोबर आहेत. पण नोव्हेना हा प्रकार बेनेडिक्ट यांच्या काळानंतर कितीतरी शतकांनी रुळला. त्या दोघांची रोजची प्रार्थना म्हणजे स्तोत्रसंहिता. बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत 73 प्रकरणं आहेत, त्यातली 8 ते 18 कोणतं स्तोत्र कधी म्हणायचं एवढ्यासाठीच खर्ची घातली आहेत; 150 स्तोत्रं आठवड्यात एकदा पुरी व्हायलाच हवीत हा आग्रह. नऊ दिवस बसणारच आहात तर त्यांची स्तोत्रं म्हणा, नुसत्या मागण्या नकोत.

तुमच्या अडचणींना नेमकी बसेल अशी एकच प्रार्थना आहे: झोपण्याआधीची. लॅटिनमध्ये तिला कॉम्प्लिन म्हणतात. बेनेडिक्ट यांनी तिला तीन स्तोत्रं नेमून दिली, 4, 91 आणि 134, आणि ती रोज तीच. बदलत नाहीत. त्यामुळे नऊ दिवसांत पाठ होतात, लाइन गेली तरी काही अडत नाही. 8, 16 आणि 3, मिळून 27 वचनं. सावकाश म्हटली तर सात-आठ मिनिटं.

आकड्यांची ठेच इथं लागते. आपल्या मराठी बायबलात हिब्रू क्रम आहे. लॅटिन क्रमात 10 ते 147 पर्यंतची बहुतेक स्तोत्रं एकाने मागे असतात. त्यामुळे मठाच्या जुन्या पुस्तकात "4, 90, 133" असं दिसतं आणि माणूस मराठी बायबल उघडून भलतीच स्तोत्रं म्हणतो. मराठीत 90 वं म्हणजे मोशेची प्रार्थना, ती वेगळी. 133 वं म्हणजे भावंडांनी एकोप्याने राहावं हे स्तोत्र. तेही सुंदर, तीनच वचनांचं, तुमच्या हेतूला अगदी लागू. ते 7 तारखेला जास्तीचं घ्या. पण रोजचं 134.

म्हणण्याची पद्धत. क्रुसाची खूण. मग पुढारी म्हणतो "देवा, माझ्या साहाय्यास ये" आणि बाकीचे "प्रभू, मला मदत करण्यास त्वरा कर". हे 70 व्या स्तोत्राचं पहिलं वचन, नियमावलीतही सुरुवातीला हेच दिलं आहे. मग दोन गट करा, भिंतीच्या दोन बाजूंना समोरासमोर. एक वचन या गटाने, पुढचं त्या गटाने. प्रत्येक वचनाच्या मध्ये, जिथं अर्थ थांबतो तिथं, एक श्वास थांबा. हा थांबा पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवा, कारण मराठी वचनं लांब आहेत आणि जो तो आपापल्या जागी थांबला की गलका होतो. दुसरी नेहमीची चूक अशी की समोरच्या गटाचा शेवटचा शब्द संपायच्या आत आपण सुरू करतो. तो शब्द पुरता कानावर पडू द्या. नियमावलीचा पहिला शब्दच "ऐक" असा आहे. तिसरी चूक: एक खणखणीत आवाजाचा माणूस सगळ्यांना ओढत नेतो. त्याला पुढारी करा, म्हणजे तो स्तोत्राच्या वेळी गटात नसतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी: वाचणाऱ्याने दोन वचनं म्हणावीत आणि सगळ्यांनी मिळून एक ठरलेली ओळ. 91 व्यासाठी "प्रभू माझा आश्रय, माझा गड" ही पुरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्हाला दिसेल की म्हाताऱ्या बायाच वचनं आधी पाठ करतात. मग त्यांच्याकडेच एक गट सोपवा.

स्तोत्रांनंतर दोन मिनिटं गप्प. खरोखर दोन, घड्याळ लावून. मग त्या दिवसाची गोष्ट, मग "हे आमच्या स्वर्गातील पित्या", शेवटची प्रार्थना, खूण. वीस मिनिटांत होतं. नियमावलीच्या 20 व्या प्रकरणात बेनेडिक्ट यांनी लिहून ठेवलं आहे की प्रार्थना थोडकी आणि शुद्ध असावी, आणि समुदायात तर फारच थोडकी. तेव्हा मागे जपमाळही जोडायचा मोह टाळा. त्या नऊ दिवसांत जपमाळ ज्याने त्याने आपली आपण म्हणावी.

एक जाड मेणबत्ती नऊ दिवस पुरते: रोज वीस मिनिटं म्हणजे एकूण तीन तास. 2 फेब्रुवारीला मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. फादर त्या दिवशी येणार नसतील तर आधीच्या रविवारी विचारून बघा.

डवरणी

मठवाट भाऊंनी घरातलं सांगितलं, मी वावरातलं सांगतो.

नियमावलीच्या 50 व्या प्रकरणात अशी सोय आहे की जे भाऊ लांब कामावर आहेत आणि प्रार्थनेच्या वेळी मंदिरात पोचू शकत नाहीत, त्यांनी जिथं काम करून राहिले तिथंच गुडघे टेकून प्रार्थना करावी. म्हणजे हरभरा सोंगायला गेलेला माणूस संध्याकाळच्या बैठकीला नाही आला तर त्याची नोव्हेना हुकली असं धरू नका. त्याने धुऱ्यावर उभं राहून 134 वं म्हटलं तरी तो तुमच्यासोबतच आहे. तीन वचनं आहेत, पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

31 व्या प्रकरणात मठाच्या कोठाराची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला सांगितलंय की मठाची सगळी अवजारं अन् सामान वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखं मान. 5 तारखेला कोयत्याची गोष्ट आहे, तर त्या दिवशी विळा, खुरपं, कोयता घासून पुसून बैठकीत आणून ठेवा. हार-कुंकू करायचं नाही, ती पूजा नव्हे. स्वच्छ करायची, दांडा ढिला असेल तर पाचर मारायची अन् वापरायला घ्यायची. गोष्टीतल्या त्या गॉथ (इटलीत बाहेरून आलेल्या एका टोळीतल्या) माणसाच्या हातून झुडपं तोडताना पातं दांड्यातून निसटून तळ्यात पडलं. तो घाबरून कबूल करायला गेला. बेनेडिक्टांनी नुसता दांडा पाण्यात धरला, पातं वर येऊन त्यात बसलं. मग अवजार त्याच्या हातात देऊन म्हणाले, घे, काम कर, दुःखी होऊ नको. मठात परका आलेला, मनाने दीन माणूस तो. सालदाराला कसं वागवायचं हे त्या एका वाक्यात येतं.

स्कोलास्टिकाला पावसासाठी अन् वादळ टळावं म्हणून साकडं घालायची रीत जुनी आहे. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे गारपिटीचे दिवस. गहू ओंबीवर, हरभरा घाट्यावर, संत्र्याला आंबिया बहार. तेव्हा तिच्या नावाने ही विनंती नक्की ठेवा. पण गोष्ट सांगताना "तिने पाऊस मागितला" असं सांगू नका. तिने फक्त भाऊ रात्रभर थांबावा एवढंच मागितलं. पाऊस कसा पाडायचा ते देवाने पाहिलं. पोरांना हा फरक लवकर कळतो.

वर्धाकाठ

सगळ्यांचे आभार. अजून दोन गोष्टी विचारते. एक, 7 तारखेची संध्याकाळ नेमकी कशी करायची? त्या दिवशी लग्न होऊन गेलेल्या बहिणींना बोलवावं असं बायांचं म्हणणं आहे, पण दोन घरांत सातबाऱ्यावरून भाऊबहिणींचं बोलणं बंद आहे. दुसरं, बेनेडिक्टचं पदक गळ्यात घातलं की करणी लागत नाही, चार कोपऱ्यांत पुरलं की वावर राखलं जातं, असं बोललं जातं. त्यावर काय सांगावं?

जुनी मिस्सल

पदकाचं आधी, ते थोडक्यात होतं. पदक हे विश्वासाचं चिन्ह आहे, ताईत नाही. आज सर्वत्र मिळतं ते रूप 1880 मधलं, बेनेडिक्ट यांच्या जन्माला 1400 वर्षं झाल्याच्या निमित्ताने काढलेलं. मागच्या बाजूला क्रुसावर जी अक्षरं आहेत ती लॅटिन प्रार्थनेची आद्याक्षरं. उभ्या पट्टीवर: "क्रुक्स साक्रा सित मिही लुक्स", पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो. आडव्या पट्टीवर: "नॉन द्राको सित मिही दुक्स", सैतानी सर्प माझा वाटाड्या न होवो. वर "पाक्स" म्हणजे शांती. पदक घालणाराने ही दोन वाक्यं मराठीत पाठ करावीत आणि घालताना म्हणावीत. फादरांकडून आशीर्वादित करून घ्यावं. गंड्याच्या दोऱ्यात ओवून बाबाच्या ताइताशेजारी बांधू नये. शेतात ठेवायला मनाई नाही, पण पुरून विसरून जाणं आणि धुऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणं यात कोणतं निवडायचं हे डवरणी यांनी सांगितलंच आहे.

आता 7 तारीख. ही संध्याकाळ जेवणाची करा, कारण ती भेट जेवणाच्या टेबलावर झाली. स्कोलास्टिका वर्षातून एकदा यायच्या, बेनेडिक्ट मठाच्या दारापासून जवळच्या एका घरात त्यांना भेटायला खाली उतरायचे. दिवसभर देवाच्या गोष्टी, अंधार पडल्यावर जेवण, आणि बोलता बोलता उशीर झाला. बहीण म्हणाली, आज जाऊ नको, सकाळपर्यंत स्वर्गाच्या आनंदाबद्दल बोलत राहू. भाऊ म्हणाला, काय बोलतेस हे, मला मठाबाहेर राहता येत नाही. आभाळ निरभ्र होतं. तिने हाताची बोटं एकमेकांत गुंतवून टेबलावर ठेवली, त्यावर डोकं टेकलं आणि रडत प्रार्थना केली. डोकं वर उचललं त्याच क्षणी वीज कडाडली आणि असा पाऊस कोसळला की कुणाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. भाऊ म्हणाला, देव तुला क्षमा करो, ताई, हे काय केलंस? ती म्हणाली, तुला विनवलं, तू ऐकलं नाहीस. माझ्या देवाला विनवलं, त्याने ऐकलं. आता जा, जाता येत असेल तर.

ग्रेगरी पुढे कारण देतात: देव प्रीती आहे, आणि जिची प्रीती जास्त तिला जास्त साधलं. हे वाक्य सावकाश, दोनदा वाचा. काही जण हे "बहिणीने भावाला हरवलं" किंवा "नियमाला अर्थ नाही" असं सांगतात. दोन्ही चूक. सकाळी दोघं आपापल्या मठात परतले आणि नियम होता तसाच राहिला. आणखी एक चूक म्हणजे त्या रात्रीच तिचा मृत्यू झाला असं सांगणं. तीन दिवसांनी बेनेडिक्ट यांनी खोलीतून वर पाहिलं तेव्हा बहिणीचा आत्मा कबुतराच्या रूपात आकाशात जाताना दिसला. मग त्यांनी भावांना पाठवून तिचा देह आणवला आणि स्वतःसाठी तयार ठेवलेल्या थडग्यात ठेवला. पुढे 547 च्या सुमारास तेही त्याच थडग्यात गेले. आणि हो, दोघं जुळी होती ही परंपरा आहे. ग्रेगरी नुसतं "बहीण" म्हणतात. सांगताना "परंपरेनुसार" हा शब्द घाला.

मांडणी: सातच्या आत स्तोत्रं उरकून घ्या. मग सगळे एका पंगतीत, भावाबहिणी शेजारी शेजारी. साधं जेवण, ज्वारीची भाकर, वरण, भरीत, तुरीच्या शेंगा असतील तर उकडून. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही आणि एकाने 33 वं प्रकरण वाचायचं. मठात जेवताना वाचन असतंच, नियमावलीच्या 38 व्या प्रकरणात त्याची रीत दिली आहे. वाचणारा मागाहून जेवतो. त्यानंतर गप्पा, जितका वेळ चालतील तितक्या. त्या रात्री उशीर झाला तर होऊ द्या.

बोलणं बंद असलेल्या दोन घरांबद्दल जरा जपून. या नोव्हेनेचा वापर बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेण्यासाठी होता कामा नये, तसाच भावाला चारचौघांत खाली पाहायला लावण्यासाठीही नको. वाटणी तहसिलात आणि कोर्टात ठरेल, तिचा विषय त्या पंगतीत कुणी काढणार नाही हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. बोलावणं पाठवायचं ते भावाने स्वतः, फोनवर नाही, जाऊन. बहीण आली नाही तर तिचं ताट वाढून ठेवण्याचा देखावा करू नका. डबा पोचवा.

आणि नियमावलीतली एक जागा इथं कामाला येते. 13 व्या प्रकरणात बेनेडिक्ट सांगतात की सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना संपवताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मठप्रमुखाने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, कारण एकत्र राहणाऱ्यांत तंट्याचे काटे उगवतातच. "जशी आम्ही क्षमा केली आहे" हे शब्द तोंडाने उच्चारले की माणूस स्वतःच्या शब्दात बांधला जातो. म्हणून त्या संध्याकाळी ही प्रार्थना घाईने एका सुरात म्हणू नका. एकाने मोठ्याने म्हणावी, क्षमेच्या ओळीपाशी थांबावं आणि ती ओळ तेवढी सगळ्यांनी म्हणावी. चौथ्या प्रकरणात आणखी एक छोटं वाक्य आहे: ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी सूर्य मावळायच्या आत समेट कर. मठवाट यांनी सांगितलेल्या चौथ्या स्तोत्रातही तेच आहे, राग आला तरी पाप करू नका, अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. नऊ रात्री हे म्हटलं की ते आपसूक मुरतं. वर प्रवचन जोडायची गरज नाही.

वैनगंगा

जुनी मिस्सल यांच्याशी पूर्ण सहमत, विशेषतः देखाव्याच्या बाबतीत.

चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा या भागात जे चांदा धर्मप्रांताखाली येतात त्यांच्यासाठी: तो धर्मप्रांत सिरो-मलबार रीतीचा आहे, उपासनेची दिनदर्शिका रोमनपेक्षा वेगळी. वर दिलेल्या तारखा तिथं तशाच लागू धरू नका, आपल्या फादरांना विचारून घ्या.

मठपरंपरेत भावंडांची ही एकच जोडी नाही, हेही मुलांना सांगा. 10 तारखेनंतर चारच दिवसांनी, 14 फेब्रुवारीला सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांचा सण येतो. त्यांचा मात्र एकत्रच आहे. आणि संध्याकाळी दिवा लावून बसणार असाल तर मॅक्रिना यांची आठवण ठेवाच. चौथ्या शतकातले बिशप बेसिल महान आणि निसाचे ग्रेगरी (वरचे पोप ग्रेगरी वेगळे) यांची ही थोरली बहीण. भाऊ ग्रेगरी यांनीच तिचं चरित्र लिहिलं. 379 मध्ये ती मरणाला टेकली असताना ते तिच्याजवळ होते. आवाज गेला होता. दिवेलागणीला कुणीतरी दिवा आत आणला, तिने डोळे उघडून उजेडाकडे पाहिलं. संध्याकाळची प्रार्थना म्हणायची होती, पण ओठ आणि हात तेवढे हलले. ती संपली आणि तिने चेहऱ्यावर क्रुसाची खूण करायला हात उचलला, तेव्हाच श्वास थांबला. त्यांचा दिवस 19 जुलै. 11 जुलैला बेनेडिक्टांची प्रार्थना केलीत तर आठवड्याभराने एक दिवा तिच्यासाठी लावा.

चित्राबद्दलही एक सूचना, कारण दुकानात दुसरंच गळ्यात मारतात. स्कोलास्टिका म्हणजे काळा झगा, कबुतर, हातात पुस्तक किंवा मठप्रमुखाची काठी. गुलाब घेतलेली ती लिझ्यूची तेरेसा, पवित्र भाकरीचं पात्र घेतलेली ती असिसीची क्लारा. बेनेडिक्ट यांच्या चित्रात कावळा, तडा गेलेला प्याला आणि नियमावली दिसेल. शेजारपाजारचे विचारतील, ही दोघं कोण म्हणून. त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ठाऊक असतात. भावाने दार लावून घेतलं आणि बहिणीने विनवलं हेही ठाऊक असतं. तेवढा धागा दिला की बाकीचं समजायला वेळ लागत नाही. मात्र आपण संतांची पूजा करत नाही, त्यांना आपल्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगतो, हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

मठवाट

शेवटची प्रार्थना मागितली होती, ती अशी करता येईल. मी जुळवली आहे, अधिकृत नाही. घरच्या बैठकीत म्हणावी, ख्रिस्तयागात नाही.

"हे प्रभू परमेश्वरा, एका घरात जन्मलेल्या बेनेडिक्ट आणि स्कोलास्टिका यांना तू एकाच वाटेने आपल्याकडे नेलेस. भावाला तू नियम पाळण्याचे बळ दिलेस, बहिणीला मागण्याचे धैर्य दिलेस. आमच्या घरांतल्या भावाबहिणींना एकमेकांचे ऐकून घेण्याचे कान दे. जे बोलत नाहीत त्यांना बोलते कर, जे दूर आहेत त्यांना सुखरूप ठेव, जे गेले त्यांना तुझ्या प्रकाशात घे. आमच्या वावरांवर वेळेवर पाऊस पाड आणि उभ्या पिकाला गारांपासून राख. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन."

मग पुढारी: "संत बेनेडिक्ट", सगळे: "आम्हांसाठी विनंती कर". "संत स्कोलास्टिका", "आम्हांसाठी विनंती कर". नंतर कुणी बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, सरळ घरी जायचं. झोपण्याआधीच्या प्रार्थनेनंतर मौन, हा 42 व्या प्रकरणाचा नियम. 7 तारीख तेवढी सोडून, त्या दिवशी जेवण मागाहून आहे.

ही प्रार्थना आणि तिन्ही स्तोत्रं मोठ्या टायपात एका कागदाच्या दोन बाजूंवर बसतात. सात घरांना सात प्रती काढा, थांब्याच्या खुणा सगळ्यांवर सारख्याच करा, आणि आठवी प्रत जानेवारीतल्या पहिल्या ख्रिस्तयागाला फादरांना दाखवायला न्या. त्यांना काही दुरुस्ती सुचली तर 1 तारखेच्या आत करून घेता येईल.